लसींचा पुरवठा आणि एआय : एकच काम निवडायचं तर कोणतं?

निळी शाई (सोम, रात्री ९:१०)

बरेच दिवस मनात घोळणारा प्रश्न मांडते आहे. मी लसींच्या साठ्याचं नियोजन करणाऱ्या एका गटात काम करते. लसींचा पुरवठा अधिक शाश्वत व्हावा म्हणून एआय कुठे वापरता येईल, याचा प्रस्ताव आम्हाला द्यायचा आहे. पैसे एकाच कामाला पुरतील एवढेच आहेत आणि समोर कामं तीन आहेत : मागणीचा अंदाज बांधणं, शीतसाखळीतल्या, म्हणजे लस कारखान्यापासून केंद्रापर्यंत थंड ठेवणाऱ्या व्यवस्थेतल्या, फ्रीजवर लक्ष ठेवणं, गाड्यांचे मार्ग आखणं.

हेल्थ केअर विदाउट हार्म ही संस्था आणि अरुप ही सल्लागार कंपनी यांनी २०१९ साली केलेल्या हिशेबानुसार जगाच्या निव्वळ उत्सर्जनात आरोग्यसेवेचा वाटा ४.४ टक्के आहे, आणि त्यातला सुमारे ७१ टक्के पुरवठा साखळीतून येतो. लसीच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त टोचतो तो फेकून दिलेला डोस. तो बनवायला, विमानानं आणायला, महिनोन्‌महिने थंड ठेवायला लागलेली सगळी ऊर्जा त्याच्याबरोबर जाते. वर तो जाळायलाही इंधन लागतं.

म्हणून माझा कल मागणीच्या अंदाजाकडे आहे. अंदाज बरोबर आला तर जादा माल येणार नाही, एक्स्पायरीत जाणार नाही, ऐन वेळी गाडी पळवावी लागणार नाही. पण हे फार सरळ वाटतंय, म्हणूनच शंका येते. ज्यांनी प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

रानवारा (सोम, रात्री ९:३२)

महत्त्वाचा धागा. अर्ध्याअधिक लसी वाया जातात असा आकडा नेहमी वाचनात येतो. तो खरा असेल तर अंदाजाशिवाय दुसरं काही निवडायचं कारणच दिसत नाही.

गणिती (सोम, रात्री १०:०५)

रानवारा, त्या आकड्यानं बराच गोंधळ होतो. त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात. न उघडलेली कुपी मुदत संपून, तापून किंवा गोठून गेली तर तो साखळीचा दोष. पण उघडलेल्या कुपीतले उरलेले डोस टाकावे लागतात, त्यात बहुतेक वेळा कुणाचीच चूक नसते.

एक साधा हिशेब करून बघू. गोवर-रुबेलाच्या कुपीतली भुकटी विरघळवल्यावर ती सहा तासांत किंवा सत्र संपताच, जे आधी होईल तेव्हा, टाकून द्यावी लागते. समजा एका सत्राला सरासरी ४ मुलं येतात. कधी २, कधी ७, असं यादृच्छिक. अशा यादृच्छिक येण्याचं नेहमीचं गणिती सूत्र, पॉयसाँ वितरण, धरलं तर १० डोसच्या कुपीत सुमारे ५९ टक्के डोस वाया जातात. तीच मुलं, तेच सत्र, फक्त कुपी ५ डोसची घेतली की नासाडी ३३ टक्क्यांवर येते. इथे कुठलाही एआय आलेला नाही, फक्त काच लहान झाली.

अर्थात ५ डोसची कुपी फ्रीजमध्ये दर डोसमागे जास्त जागा खाते, आणि दर डोसमागची किंमतही सहसा जास्त पडते. कुठल्या केंद्राला कोणती कुपी द्यायची, फ्रीजमध्ये जागा किती, गाडी किती वेळा जाणार, हे सगळं एकत्र बसवणं हे खरं गणित आहे आणि तिथे संगणक मनापासून उपयोगी पडतो. निळी शाई, तुमच्या तीन पर्यायांत हा चौथा घाला.

दवबिंदू (सोम, रात्री १०:४१)

मी लसीकरणाच्या टेबलावर बसणारी आहे. गणिती यांचा हिशेब बरोबर आहे, पण एक गोष्ट कळकळीनं सांगते.

एक बाळ आलंय आणि समोर १० डोसची बंद कुपी आहे. कुपी उघडायची की आईला "पुढच्या आठवड्यात या" म्हणायचं? जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे : एका बाळासाठीसुद्धा उघडा. तरी नासाडीचा आकडा वर दिसला की खालच्या माणसाला जाब विचारला जातो, आणि मग हात आखडतो. मी स्वतः एकदा बाळ परत पाठवलं आहे. ती आई पुन्हा आली नाही. तिचा चेहरा अजून आठवतो.

तुमच्या यंत्राला "नासाडी कमी कर" एवढंच शिकवलंत तर ते हेच शिकेल, की मुलं जमेपर्यंत थांबा. कागदावर सगळं हिरवंगार दिसेल.

उंबरठा (सोम, रात्री ११:०२)

दवबिंदू यांना पूर्ण अनुमोदन. एक फुकट गेलेला डोस आणि एक सुटलेलं मूल यांचं वजन सारखं नाही. हे वजन कुणीतरी माणसानं ठरवून यंत्राला द्यावं लागतं. ते प्रस्तावात स्पष्ट शब्दांत लिहा.

गणिती (सोम, रात्री ११:२०)

मान्य. माझ्या आधीच्या प्रतिसादात हे यायला हवं होतं. उद्दिष्टात सुटलेल्या मुलाला नासाडीच्या कितीतरी पट दंड हवा. आणि थोडी नासाडी "नियोजित" म्हणूनच धरायला हवी.

कंप्रेसर (मंगळ, सकाळी ७:१५)

मी पंधरा वर्षं शीतसाखळीचे फ्रीज दुरुस्त करतो. सगळे अंदाजाबद्दल बोलताय, मी फ्रीजची बाजू मांडतो.

लोकांना वाटतं लस उन्हानं जाते. उन्हानं जाते हे खरंच, पण गोठूनही जाते, आणि गोठलेली ओळखू येत नाही. हिपॅटायटिस बी, पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस), एचपीव्ही, न्यूमोकॉकल या लसींत ॲल्युमिनियमचे क्षार असतात. एकदा गोठल्या की त्या क्षारांचे गठ्ठे होतात आणि लसीचा जोर जातो. बाहेरून कुपी तशीच दिसते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात साठवणुकीच्या वेळी शिफारशीपेक्षा खाली तापमान गेल्याचं प्रमाण श्रीमंत देशांत ३३ टक्के आणि गरीब देशांत ३७ टक्के निघालं होतं. म्हणजे हा गरिबीचा प्रश्न नाही, सवयीचा आणि यंत्राचा आहे.

आता काम काय करता येतं ते सांगतो. आइस लाइन्ड फ्रीजला, म्हणजे आयएलआरला, तापमान नोंदवत राहणारा लॉगर बसवलेला असतो. त्याचा नेहमीचा इशारा कसा असतो? ८ अंशांच्या वर सलग १० तास, किंवा उणे ०.५ अंशाखाली ६० मिनिटं. हा इशारा वाजला तोवर घडायचं ते घडून गेलेलं असतं. पण कंप्रेसर आधीपासून बोलत असतो! तेवढंच तापमान राखायला तो रोज थोडा जास्त वेळ चालायला लागला की समजायचं, दाराचं रबर गेलंय, नाहीतर मागच्या जाळीवर धूळ बसली आहे, नाहीतर गॅस कमी होतोय. हे पंधरा दिवस आधी कळलं तर दुरुस्ती म्हणजे एक रबर आणि एक ब्रश. नंतर कळलं तर आख्खा कंप्रेसर बदलावा लागतो.

सौर फ्रीजचंही तसंच. बॅटरी नसलेले जे थेट सौर फ्रीज आहेत ते दिवसा बर्फ करून ठेवतात आणि रात्री त्यावर काढतात. किमान तीन दिवस ऊन नसलं तरी तापमान टिकलं पाहिजे असा निकष आहे. पण समोरचं झाड वाढलं, पॅनेलवर सावली पडायला लागली, की दर सकाळी बर्फ थोडा कमी होतो. माणसाला ते दिसत नाही, आलेखाला दिसतं.

रानवारा (मंगळ, सकाळी ७:५०)

कंप्रेसरभाऊ, गोठलेली लस ओळखू येत नाही म्हणता, मग केंद्रावर कळणार कसं? कुपीवर तो रंग बदलणारा चौकोन असतो ना?

कंप्रेसर (मंगळ, सकाळी ८:०४)

तो व्हीव्हीएम, म्हणजे व्हॅक्सिन व्हायल मॉनिटर. वर्तुळातला चौकोन फिकट असेपर्यंत लस वापरा, वर्तुळाइतका गडद झाला की टाका. तो फक्त उष्णतेची बेरीज करतो, गोठल्याचं त्याला कळत नाही. गोठल्याची शंका आली तर शेक टेस्ट. एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवायची, संशयित कुपीबरोबर एका हातात धरून हलवायची आणि टेबलावर ठेवायची. गोठलेलीतला गाळ भराभर खाली बसतो. दोन्हींचा सारखाच बसला तर संशयित कुपीही टाकायची.

मधुमालती (मंगळ, सकाळी ९:२६)

थोडं अवांतर, पण व्हीव्हीएमचा विषय निघाला म्हणून राहवत नाही. १९९६ साली तो पहिल्यांदा तोंडी पोलिओ लसीवर आला. त्याआधी फ्रीज बंद पडला की सगळा साठा संशयाने फेकला जायचा. या टिकलीएवढ्या चिकटपट्टीनं प्रत्येक कुपीला स्वतःची साक्ष द्यायला लावली. बॅटरी नाही, सिग्नल नाही, सर्व्हर नाही. शाश्वत तंत्रज्ञान म्हणून मला आजही याच्याइतकं सुंदर उदाहरण सापडत नाही. एआयची कुठलीही योजना आखताना मी तिला या चिकटपट्टीशेजारी ठेवून बघते : हिच्याइतकी खालच्या हातापर्यंत पोचते का?

दुसरं उदाहरण २०१२ चं. मेनआफ्रिव्हॅक ही मेंदुज्वराची लस ४० अंशांपर्यंत चार दिवस बाहेर ठेवायला परवानगी मिळाली आणि बेनिनमधल्या मोहिमेत ती बर्फाविना गावोगाव नेली. लस स्वतःच काटक झाली की साखळीचा केवढा भार उतरतो!

पांथस्थ (मंगळ, दुपारी १२:४०)

वाचनखूण साठवली आहे. एक मूलभूत शंका : एआयचीच वीज किती लागते? आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये जगभरच्या डेटा सेंटर्सनी सुमारे ४१५ टेरावॅट-तास वीज वापरली, जगाच्या विजेच्या दीड टक्का. शाश्वततेसाठी तेच वापरायचं हे मनाला पटत नाही.

गणिती (मंगळ, दुपारी १:३०)

पांथस्थ, शंका रास्त आहे, पण एआय या एका शब्दाखाली हत्ती आणि मुंगी दोन्ही बसवले जातात. काही हजार केंद्रांच्या मासिक मागणीचा अंदाज बांधणारं मॉडेल साध्या लॅपटॉपवर चालतं. त्याला भाषा बोलणारं अवाढव्य मॉडेल लागत नाही. २०२० साली अंदाजांची एम-५ स्पर्धा झाली. दुकानांतल्या विक्रीच्या ४२,८४० मालिका होत्या. वरच्या क्रमांकांवर निर्णयवृक्षांवर आधारलेली लाइटजीबीएमसारखी हलकी मॉडेल्स होती. शिवाय साध्या घातांकी सरासरीच्या (अलीकडच्या आकड्यांना जास्त वजन देणाऱ्या) पद्धतीलाही बहुसंख्य स्पर्धक हरवू शकले नाहीत! म्हणून माझा आग्रह असतो की आधी साधी पद्धत चालवून तिचा आकडा लिहून ठेवा. नवं मॉडेल तिला हरवत नसेल तर ते घेऊ नका.

मार्ग आखण्याचंही तेच. डँटझिग आणि रॅमसर यांनी ट्रक कुठून कुठे पाठवायचे हा प्रश्न १९५९ मध्येच मांडला. तेव्हापासून त्यावर उत्तम पद्धती आहेत. त्याला आज एआय म्हणतात एवढंच.

उंबरठा (मंगळ, दुपारी २:१२)

मार्गांबद्दल माझा अनुभव. आम्ही वर्षभर मार्ग आखणारी प्रणाली वापरली. इंधन वाचलं, खोटं कशाला बोलू. पण किती? गाडी तीच, केंद्रं तीच, रस्ते मोजके. चालकाला जे माहीत होतं त्यापेक्षा थोडंच बरं निघालं. खरा फरक तेव्हा पडला जेव्हा आम्ही साखळीतला एक टप्पाच काढून टाकला. माल दोन जागी उतरून पुन्हा चढत होता, तो एकाच जागेहून थेट जायला लागला. हे सुचवायला मार्गाचं सॉफ्टवेअर पुरत नाही. आख्ख्या साखळीची नक्कल संगणकात चालवून बघावी लागते. हर्मीस नावाचं असं सिम्युलेशन बेनिन, मोझांबिक अशा देशांसाठी वापरलं गेलं आहे.

शांतपणे (मंगळ, दुपारी ४:०८)

मी अंदाजाचं काम करते, आणि निळी शाई यांच्या मुख्य प्रश्नावर माझं म्हणणं थोडं कडू आहे.

रजिस्टरमध्ये आपण काय लिहितो? किती डोस दिले. किती हवे होते, हे कुठेच लिहिलेलं नसतं. समजा महिन्याला १०० डोस आले आणि बाराव्या दिवशी संपले. रजिस्टर म्हणतं खप १००. खरी गरज त्याच वेगानं २५० च्या आसपास असणार. मॉडेलला मात्र १०० च दिसतात. पुढच्या महिन्याला ते १०० पाठवायला सांगतं, पुन्हा बाराव्या दिवशी संपतात, आणि अंदाज "अगदी अचूक" ठरतो! जिथे पुरवठा कायम तुटपुंजा, तिथे मागणी कमीच आहे असं यंत्र शिकत जातं. सगळ्यात मागे राहिलेल्या वस्तीवर हा अन्याय अचूकतेच्या नावाखाली पक्का होतो. मी स्वतः असं मॉडेल बनवलं होतं, आणि त्याची अचूकता मोठ्या समाधानानं दाखवली होती. नंतर एका केंद्राच्या रजिस्टरची पानं उलटताना मधे सलग कोरे दिवस दिसले तेव्हा चूक लक्षात आली.

याच्या उलट टोकाची चूकही होते. एकदा माल संपला की केंद्र घाबरून दुप्पट इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, भरतं. वरच्या भांडारानं ते पाहून आणखी वाढवून मागायचं. चाबकाच्या मुठीला हलकासा झटका आणि टोकाला फटकारा, तसं ते वर जाताना वाढत जातं. मग मुदत संपायला आलेला ढीग पडतो. म्हणून इंडेंटवरही मॉडेल शिकवू नका.

मॉडेलला कोऱ्या दिवसांची माहिती द्या. साठा कोणत्या तारखेला संपला, कोणत्या तारखेला आला. एवढी एक गोष्ट मिळाली तर साधी सरासरीसुद्धा सुधारते. ती नसेल तर कितीही हुशार यंत्र आणा.

दवबिंदू (मंगळ, दुपारी ४:५५)

शांतपणे, हे वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे लस संपली की त्या दिवशी नोंद होतच नाही, कारण नोंद करायला काही दिलेलंच नसतं. परत गेलेली मुलं कुणाच्याच कागदावर नाहीत.

निळी शाई (मंगळ, संध्या. ६:२०)

शांतपणे यांचा प्रतिसाद तीनदा वाचला. आमच्या आकडेवारीतही हेच असणार. उद्याच बघते.

अक्षांश (मंगळ, रात्री ८:३५)

अजून एक कोरा कोपरा दाखवतो : मुळात मुलं आहेत किती? अनेक ठिकाणी लसीकरणाचं प्रमाण शंभर टक्क्यांच्या वर दिसतं, कारण भागाकारातला खालचा आकडा, म्हणजे लोकसंख्या, जुनी असते. उपग्रहचित्रांतून घरं ओळखणं हे काम यंत्र खरोखर छान करतं. नायजेरियात पोलिओच्या मोहिमेसाठी असे वस्त्यांचे नकाशे बनले, कुणाच्याही यादीत नसलेली गावं त्यातून सापडली, आणि पुढे त्याच अनुभवातून ग्रिड-३ हा वस्त्या-लोकसंख्येच्या नकाशांचा उपक्रम उभा राहिला. २०२१ पासून आफ्रिकेतल्या इमारतींची खुली माहिती गूगलनं दिली आहे, तीही असंच मॉडेल शिकवून.

२०२४ मध्ये एकही लस न मिळालेली मुलं जगात सुमारे १ कोटी ४३ लाख होती. त्यांची मागणी कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही. मागच्या खपावर चालणाऱ्या अंदाजाला ती कधीच दिसणार नाहीत, छप्पर मोजणाऱ्याला कदाचित दिसतील.

पांथस्थ (मंगळ, रात्री ९:१०)

गणिती, उत्तर पटलं, धन्यवाद. पण मग उलटं विचारतो. अंदाजाची इतकी उठाठेव करण्यापेक्षा वाहतूकच इतकी वेगवान का करू नये, की अंदाज चुकला तरी बिघडणार नाही? रुआंडात २०१६ पासून झिपलाइन कंपनीचे ड्रोन रक्त पोचवतात, घानात २०१९ पासून लसीसुद्धा. रुआंडावरच्या अभ्यासात मुदत संपून वाया जाणारं रक्त १२ महिन्यांनंतर ६७ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. साठा मध्यभागी ठेवायचा आणि मागितलं की पाठवायचं.

उंबरठा (मंगळ, रात्री ९:४४)

मुद्दा चांगला आहे. रक्त आणि दुर्मिळ लागणाऱ्या लसींना, सर्पदंशाच्या औषधाला, हे चपखल. पण रोज शंभर मुलांना लागणारी नेहमीची लस थोडी थोडी करून उडवत नेणं वेगळं. तिला ठरलेली गाडी आणि चांगला फ्रीजच लागतो.

मधुमालती (बुध, सकाळी ८:१८)

धागा लांबतोय, पण एक गोष्ट राहून जाते आहे. सगळी नासाडी खालच्या अंदाजातून होत नाही. एकट्या डिसेंबर २०२१ मध्ये गरीब देशांनी कोविड लसीचे १० कोटींहून अधिक डोस नाकारले, आणि युनिसेफनं त्याचं मुख्य कारण दिलं ते म्हणजे उरलेली अल्प मुदत. देणाऱ्यानं शेवटच्या क्षणी दिलं. घेणाऱ्याकडे फ्रीज आणि माणसं त्या वेगानं उभी राहू शकत नव्हती. तिथे खालच्या टोकाला कितीही उत्तम मॉडेल असतं तरी काय केलं असतं? माल निघण्याआधी उरलेली मुदत, वाटपाचा वेग आणि फ्रीजची जागा यांचा मेळ पाठवणाऱ्यानं घालायला हवा होता. तो हिशेब यंत्राला सहज जमतो, फक्त तो पाठवणाऱ्याच्या टेबलावर हवा.

कंप्रेसर (बुध, सकाळी ८:५०)

शाश्वततेचं नाव घेताय म्हणून फ्रीज थंड करणाऱ्या गॅसबद्दलही लिहितो, कारण प्रस्तावांत तो कधी दिसत नाही. मोठ्या कोल्ड रूममध्ये बऱ्याच ठिकाणी आर-४०४ए असतो. त्याचा तापमानवाढीचा गुणांक ३,९२२. म्हणजे एक किलो गळला की जवळजवळ चार टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. गाडीच्या भाषेत साधारण दीड हजार लिटर डिझेल. मार्ग आखून वर्षभर वाचवलेलं इंधन एका गळक्या जोडातून निघून जाऊ शकतं! नव्या छोट्या फ्रीजमध्ये आर-६००ए येतो, त्याचा गुणांक अगदी नगण्य. किगाली या आंतरराष्ट्रीय करारानुसार आर-४०४एसारखे जुने गॅस टप्प्याटप्प्यानं कमी करायचेच आहेत. गळती लवकर पकडणं हेही त्याच कंप्रेसरच्या आलेखातून होतं.

उंबरठा (बुध, सकाळी ९:१५)

दीड हजार लिटर! हे मला माहीत नव्हतं. माझं मत फ्रीजकडे झुकलं.

दवबिंदू (बुध, सकाळी ९:४०)

फ्रीजचा इशारा चांगला, पण कुणाला जाणार? आमच्या केंद्रात इशाऱ्याचे संदेश यायचे. पहिले दोन महिने सगळे धावत. सुटा भाग यायला सहा आठवडे. नंतर त्या संदेशाकडे कुणी बघेना. कंप्रेसरभाऊ, इशारा आणि रबर एकत्र आले तरच उपयोग.

कंप्रेसर (बुध, सकाळी १०:०२)

शंभर टक्के खरं. मी तर म्हणतो आधी रबर, पंखे, स्टॅबिलायझर यांचा साठा करा. कोणता भाग कुठे लागेल याचा अंदाज हाही मागणीचाच अंदाज आहे.

आणि ज्याला यंत्र लागत नाही तेही करा. बर्फाचा पॅक फ्रीजरमधून काढला की थेट लस नेण्याच्या कॅरिअरमध्ये घालू नका. बाहेर ठेवायचा, मधूनमधून हलवायचा, आत पाणी खळखळल्याचा आवाज आला की मगच भरायचा. किती लसी या आवाजावर वाचतात!

गणिती (बुध, सकाळी ११:३०)

शांतपणे आणि दवबिंदू यांच्या प्रतिसादांना जोडून एक उदाहरण. सिएरा लिओनमध्ये अत्यावश्यक औषधांच्या वाटपासाठी जे मॉडेल वापरलं, त्याला अंदाज किती अचूक यावर शिकवलं नाही. त्या अंदाजावरून वाटप केल्यावर किती गरज अपुरी राहते, यावर शिकवलं. फरक मोठा आहे. जिथे चूक झाली तरी कुणाचं बिघडत नाही तिथे ते चुकलं तरी चालतं, जिथे केंद्र रिकामं पडेल तिथे ते जपून वागतं. दवबिंदूंनी परवा जे सांगितलं तेच हे, सूत्रात बांधलेलं. औषधांसाठी जमलं तर लसींसाठी न जमण्याचं कारण नाही, पण कोऱ्या दिवसांची नोंद तिथेही लागतेच.

रानवारा (बुध, दुपारी १२:१०)

भारतातल्या ई-विन या लससाठ्याच्या डिजिटल प्रणालीत साठ्याची नोंद मोबाइलवर होते आणि फ्रीजचं तापमान दूरवरून दिसतं. अशा प्रणालीत साठा शून्यावर आल्याची तारीख आपोआपच मिळत असेल ना? मग शांतपणे म्हणतात ती अडचण सुटलीच की.

शांतपणे (बुध, दुपारी १२:५५)

बरीचशी सुटते, म्हणूनच अशा नोंदी फार मोलाच्या. पण शून्य साठ्याची तारीख भांडाराची असते. टेबलावरून परत गेलेल्या मुलांची संख्या तिच्यातून निघत नाही, आणि कुपी न उघडल्यामुळे परत गेलेलं मूल तर साठा असतानाही परत जातं. ती दोन्ही माहिती फक्त दवबिंदूंसारख्या माणसाकडे आहे.

निळी शाई (गुरु, रात्री ८:००)

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. काल आणि आज आमची रजिस्टरं काढून बसले. शांतपणे म्हणाल्या तसंच निघालं. ज्या केंद्रांना आम्ही "कमी मागणीची" म्हणून कमी माल पाठवत होतो, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी नोंदींमध्ये मोठमोठी भगदाडं आहेत. ती केंद्रं मागत नव्हती असं नाही, त्यांच्याकडे द्यायला नव्हतं. हे इतकी वर्षं समोर होतं.

तेव्हा मूळ प्रश्नाचं माझं उत्तर बदललं. प्रस्तावात मागणीचा अंदाजच लिहिते आहे, पण पहिले सहा महिने मॉडेल बनवायचं नाही. त्या काळात दोन नवे रकाने भरायचे : साठा संपल्याची आणि आल्याची तारीख, आणि लस न मिळता परत गेलेली मुलं. मग साधी सरासरी, आणि तिला हरवलं तरच पुढचं. उद्दिष्टात सुटलेल्या मुलाचं वजन आम्ही लेखी ठरवणार, आणि ते ठरवताना टेबलावर बसणाऱ्यांना बोलावणार. कुपीच्या आकाराचा हिशेब गणिती यांच्या पद्धतीनं याच आकडेवारीवर करता येईल.

फ्रीजसाठी वेगळे पैसे नाहीत. पण लॉगर आहेतच, त्यामुळे कंप्रेसर किती वेळ चालतो याचा साधा आलेख काढायला सुरुवात करतोय. सुट्या भागांच्या साठ्यासाठी स्वतंत्र टिपण लिहिलं आहे.

मार्गांचं काम तूर्त बाजूला ठेवलं.

कंप्रेसर (गुरु, रात्री ८:२२)

उत्तम. आलेखात खोलीचं तापमानही घ्या. उन्हाळ्यात कंप्रेसर जास्त चालणारच, नाहीतर सगळेच फ्रीज आजारी दिसतील.

दवबिंदू (गुरु, रात्री ८:४८)

निळी शाई, दुसऱ्या रकान्याबद्दल एक विनंती. तिथे आकड्याची चौकट नको, रेघा मारायला मोकळी जागा ठेवा. गर्दीत एका हातात बाळाचं कार्ड असतं, समोर आई उभी असते. तेव्हा एक रेघ मारता येते, मोजायला संध्याकाळी वेळ मिळतो. आणि त्या रकान्यावरून कुणाला जाब विचारला जाणार नाही असं फॉर्मवरच छापा. नाहीतर रेघा पडणार नाहीत.

निळी शाई (गुरु, रात्री ९:०५)

दोन्ही करते. फॉर्मचा नमुना तयार झाला की इथेच टाकते, तुम्ही आधी भरून बघा.